शब्दांचे बिऱ्हाड

दिवाळीत घरोघर फराळाची ताटे फिरतात, तसे हल्ली लेखही फिरतात. फरक इतकाच, की ताट कोणी धाडले हे ठाऊक असते. लेख मात्र कोणाच्या मर्जीने आपल्यापुढे आला हे उमगत नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांतले पुष्कळसे मराठी लेखन फेसबुक, ट्विटर अशा परक्या मालकांच्या वाड्यांत बिऱ्हाड करून राहिले आहे. पुस्तकांची समीक्षा आपण करतोच. लेखन ज्या जागी राहते, त्या जागेचीही व्हावयास हवी.

या वाड्यांत भाडे दिसत नाही. ते आपल्या वेळातून आणि जाहिरातींतून वसूल होते. शिवाय जागा केव्हा खाली करावी लागेल याचा नेम नाही. ३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने ‘ऑर्कुट’ बंद केले आणि तेथे जमलेली मंडळी पांगली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर एलन मस्क यांनी विकत घेतले. पुढल्या जुलैत नावही बदलले. भाडेकरूंना कोणी विचारले नाही.

यावर तोड म्हणून काही तंत्रज्ञांनी निराळी रचना केली. जर्मनीतल्या ऑयगन रोख्को या तरुणाने २०१६ साली ‘मॅस्टोडॉन’ सुरू केले. साऱ्या जाळ्याचा असा एकच मालक येथे नाही. एखादी शाळा वा मित्रमंडळ आपले केंद्र उभारू शकते, आणि ही केंद्रे परस्परांशी बोलतात. बुटीबोरीच्या पेटीत टाकलेले पत्र रत्नागिरीला पोचते, तसेच हे. या टपालाचा समाईक नियम ‘ॲक्टिव्हिटीपब’ नावाने जानेवारी २०१८ मध्ये मान्यता पावला. आज्ञावलीही खुली आहे. ती कोणीही वापरावी, बदलावी. मात्र बदललेली लोकांसाठी चालवली, तर तीही त्यांना खुली करावी.

आम्हां बुटीबोरीकरांना ही कल्पना परकी वाटू नये. आमच्या दाराशी मोठी औद्योगिक वसाहत आहे, आणि याच रस्त्याने पुढे गेले की वर्धा लागते. तेथे १९३४ साली गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापिला. उत्पादन आणि सत्ता एका हाती साठू नये, हाच तो विचार. साहित्यातही १९६० च्या दशकात अशोक शहाणे यांच्या ‘असो’सारख्या लघुनियतकालिकांनी प्रस्थापितांच्या उंबऱ्याशी ताटकळण्यापेक्षा स्वतःची पाने काढली.

मी कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. यंत्राच्या पोटातले मला फारसे कळत नाही, पण वाक्य कशाने बिघडते हे कळते. जेथे टाळ्या मोजून लेख वरखाली होतात, तेथे वाक्य टाळीकडे झुकते. मॅस्टोडॉनवर ज्यांचे लेखन आपण निवडले, त्यांचे ते काळाच्या क्रमाने समोर येते. मध्ये जाहिरात नसते. लेखकाला हे मोलाचे आहे.

तथापि टीकाकाराने नुसती आरती ओवाळू नये. २०१९ च्या अखेरीस ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले. नाझी सलाम नाकारणाऱ्या एकट्या माणसाचे छायाचित्र हे त्यातले एक निमित्त होते. तेव्हा पुष्कळ भारतीय रागाने मॅस्टोडॉनवर गेले आणि बरेचसे परतलेही. गप्पांना माणसे लागतात. खादीचेही असेच झाले: मान सर्वांनी दिला, नेसली थोड्यांनी. दुसरी उणीव अधिक बोचरी आहे. एका केंद्रातून दुसऱ्यात जाताना वाचक बरोबर नेता येतात, पण जुने लेखन मागेच राहते. शेजारी आले आणि ट्रंक राहिली! शिवाय केंद्र चालवणाऱ्याचा पैसा वा उत्साह संपला, तर तेही मिटते.

म्हणजे नुसता वाडा बदलून भागत नाही. घर चालवणारी माणसे हवीत. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ च्या गणेशचतुर्थीपासून स्वतःच्या नावाने उभे आहे, ते तेथे रमलेल्या माणसांमुळे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने अनुदान मिळणारी सार्वजनिक वाचनालये गावोगाव आहेत. त्यांतल्या काहींनी पुस्तकांच्या कपाटाशेजारी असे एक केंद्र चालवावयास काय हरकत आहे? तोवर परक्या ओसरीवर गप्पा जरूर माराव्यात. मात्र दागिने, म्हणजे आपल्या लेखनाची एक प्रत, घरच्या पेटीत असू द्यावी.