अपवादाची शाबिती आणि संशयाचा फायदा : नानावटी निवाड्यातील वर्गीकरणाची चिकित्सा

के. एम. नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1961 च्या निवाड्याची लोकस्मृती प्रेम, सूड आणि ज्यूरी या तीन शब्दांभोवतीच घोटाळत राहिली आहे. नाटक-चित्रपटांनी ती तशीच जोपासली. विधिशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्याचे मोल निराळे आहे. आरोपीने कायद्यातील अपवादाचा आधार घेतल्यास तो कोणी आणि कितपत शाबीत करावयाचा, याची पद्धतशीर मांडणी सर्वोच्च न्यायालयाने त्यात केली. प्रस्तुत लेखात त्या मांडणीच्या मर्यादा तपासल्या आहेत.

27 एप्रिल 1959 रोजी मुंबईत घडलेला मृत्यू झटापटीत अपघाताने झाला, असा बचाव होता. म्हणजे भारतीय दंड संहितेचे कलम 80. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीस निर्दोष ठरविले. तो कौल न पटल्याने सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. कौल न टिकण्याच्या कारणांपैकी एक येथे महत्त्वाचे आहे. भारतीय पुरावा अधिनियम, 1872 च्या कलम 105 अन्वये अपवादाची परिस्थिती अस्तित्वात नाही असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते आणि ती शाबीत करण्याची जबाबदारी आरोपीवर असते, हे ज्यूरीला सांगितलेच गेले नव्हते.

न्या. सुब्बा राव यांनी अशा जबाबदारीचे तीन वर्ग पाडले. पहिल्यात कायदाच गुन्ह्याचे घटक नाशाबीत करण्याचे काम आरोपीवर टाकतो. दुसऱ्यात अपवाद गुन्ह्याच्या घटकांना स्पर्श करीत नाही. तिसऱ्यात अपवादाची परिस्थिती आणि गुन्ह्याचा एखादा घटक परस्परांत गुंतलेले असतात. कलम 80 या तिसऱ्या वर्गातले. कृत्य कायदेशीर होते, रीत कायदेशीर होती, योग्य काळजी घेतली होती, हे सारे आरोपीला शाबीत करता आले नाही, तरी त्याच पुराव्याने उद्देशाविषयी वाजवी संशय उत्पन्न झाला, तर खुनाचा आरोप टिकत नाही. 1964 च्या दह्याभाई ठक्कर निवाड्यात हेच सूत्र मनोविकलतेच्या बचावास लावले गेले.

हे सूत्र न्याय्य वाटते. पण त्याचा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही. कलम 84 मध्ये दोन प्रकारचे आरोपी येतात. एकाला आपण काय करतो आहोत हेच कळत नाही. त्याच्याबाबत उद्देशाविषयीच संशय निर्माण होतो. दुसऱ्याला आपण जीव घेत आहोत हे कळते, मात्र ते गैर आहे हे आजारामुळे कळत नाही. त्याचा उद्देश निर्विवाद असल्याने संशयाचा मार्ग त्याला बंद होतो आणि अपवाद संभाव्यतेच्या पारड्यात तोलून शाबीत करणे एवढेच उरते. ज्याच्या मनाचा तोल ढळला होता, त्यानेच त्या वेळच्या आपल्या मनःस्थितीचा पुरावा गोळा करावा, ही अपेक्षा विचित्रच म्हटली पाहिजे. 2007 च्या बापू विरुद्ध राजस्थान राज्य निवाड्याने, मानसिक आजाराचा पूर्वेतिहास तपासात उघड झाल्यास वैद्यकीय तपासणी करवून तो पुरावा न्यायालयापुढे आणणे हे तपास अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरविले, हे अडचण ओळखल्याचेच लक्षण होय. पण पूर्वेतिहास सांगणारे कोणी नसेल तर?

खासगी बचावाच्या हक्काचीही अशीच गत आहे. तेथे मारण्याचा उद्देश बहुधा मान्यच असतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1941 च्या परभू खटल्यात मात्र अपवादाविषयीच वाजवी संशय उरला तरी आरोपी सुटला पाहिजे, अशी भूमिका घेतली होती. 1990 च्या विजयी सिंग निवाड्यात सर्वोच्च न्यायालय याच दिशेने गेले. त्याच वेळी संभाव्यतेची कसोटीही त्याने कायम ठेवली. केवळ संशय पुरेसा असेल, तर त्याहून जड कसोटीचे प्रयोजन काय, याचा उलगडा निवाड्यात होत नाही. सत्र न्यायाधीशांना दोन्हींपैकी सोयीचे वाक्य उचलता येते, आणि तेथे आरोपीचे आयुष्य पणाला लागलेले असते.

इंग्लंडमध्ये 1935 च्या वुलमिंग्टन निवाड्याने अपघाताच्या बचावातही शाबितीची जबाबदारी सरकार पक्षावरच ठेवली. मनोविकलतेचा अपवाद तेथेही राहिला. आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 मध्ये जुने कलम 105 हे कलम 108 म्हणून आले. गृहीतक तेच, मनोविकल आरोपीचे उदाहरणही तेच. ‘शाबिती’ म्हणजे किती शाबिती, हे ठरविणारा एक शब्दही त्यात घातला गेला नाही.