दुरुस्ती कोणाची? होम थिएटरमधील स्वयंचलित ध्वनिसमायोजन : एक चिकित्सा

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या अखेरीस डीव्हीडीबरोबर बहुवाहिनी ध्वनी घरात आला. पाच स्पीकर आणि एक सबवूफर खोलीत कोठे ठेवावयाचे, प्रत्येकाची पातळी किती राखावयाची, कोणत्या स्पीकरचा आवाज किंचित उशिराने सोडावयाचा, हे प्रश्न त्या काळी जाणकाराचा कान आणि हातातील टेप यांच्यावर सोपविलेले असत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे काम रिसीव्हरने स्वतःकडे घेतले. सोफ्यावर एक लहानसा मायक्रोफोन ठेवावयाचा, बटण दाबावयाचे, प्रत्येक स्पीकरमधून निघणारे चाचणीचे आवाज संपेपर्यंत शांत बसावयाचे आणि पडद्यावर काम पूर्ण झाल्याची सूचना उमटली की निश्चिंत व्हावयाचे. पायोनियरची एमसीएसीसी, यामाहाची वायपीएओ, डेनॉन व मॅरांट्झ यांच्या उपकरणांतील ऑडिसी मल्टईक्यू आणि स्वीडनमधील डिराक लाइव्ह ही या पद्धतीची परिचित उदाहरणे होत. या सर्वांसाठी 'रूम करेक्शन', म्हणजे खोलीची दुरुस्ती, ही संज्ञा रूढ झाली आहे.

दुरुस्ती म्हटली की दोष कोणता आणि निर्दोष स्थिती कोणती, हे दोन्ही आधी ठरलेले असावे लागते. या पद्धतीत ते कोणी ठरविले, हा प्रश्न ग्राहकासमोर येतच नाही. प्रस्तुत चिकित्सेचा रोख त्या प्रश्नाकडे आहे. त्यासाठी प्रामुख्याने ऑडिसीचे उदाहरण घेतले आहे, कारण तिची जडणघडण विद्यापीठीय संशोधनातून झाली. २००२ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे मूळ लॉस एंजेलिस येथील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्रयोगशाळेत आहे. संस्थापकांपैकी टॉमलिन्सन होल्मन यांनी त्यापूर्वी लुकासफिल्ममध्ये चित्रपटगृहांसाठी टीएचएक्स ही मानकप्रणाली विकसित केली होती. चित्रपटगृहाचा हा वारसा पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

यंत्राचे खरे सामर्थ्य

यंत्राला जे चांगले जमते ते प्रथम मान्य केले पाहिजे. अंतर आणि पातळी यांचे मापन ते माणसाहून अचूक करते. ध्वनीला एक मीटर अंतर कापण्यास सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. त्या हिशेबाने जवळच्या स्पीकरला विलंब दिला की सर्व आवाज श्रोत्यापाशी एकाच वेळी पोहोचतात. सबवूफर तीन मीटरवर असताना यंत्र पाच मीटर दाखविते, तेव्हा अनेक जण ती चूक समजून आकडा हाताने बदलतात. वास्तविक सबवूफरमधील विद्युत्-मंडलामुळे होणारा विलंब यंत्राने अंतराच्या रूपात मांडलेला असतो. तेथे यंत्र बरोबर असते आणि टेप अपुरी पडते.

मंद्र स्वरांच्या बाबतीतही यंत्राची बाजू भक्कम आहे. ४.५ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशा दिवाणखान्याचे पहिले अनुनाद अनुक्रमे सुमारे ३८, ४९ आणि ५७ हर्ट्झला येतात. या वारंवारतांवर काही जागी आवाज फुगतो, तर काही जागी जवळजवळ नाहीसा होतो. फुगवटा इक्वलायझरने कमी केला की पातळी उतरते आणि त्या स्वराचे रेंगाळणेही आटोक्यात येते. खळग्याचे तसे नाही. परावर्तित लहरीने मूळ लहरीचा छेद केल्यामुळे जेथे आवाज नाहीसा होतो, तेथे अधिक शक्ती ओतली तर छेद करणारी लहरही तितकीच बलवान होते. १० डेसिबलची भर घालण्यास अँप्लिफायरला दसपट शक्ती खर्चावी लागते, आणि खळगा बहुतांशी तसाच राहतो.

मायक्रोफोन आणि कान

मॅनफ्रेड श्रोडर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने खोलीतील सुटे अनुनाद जेथे एकमेकांत मिसळून जातात त्या सीमेचे सूत्र दिले : निनादकाळास खोलीच्या घनफळाने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाची २००० पट. उपरोक्त खोलीत निनादकाळ ०.४ सेकंद असल्यास ही सीमा सुमारे १८४ हर्ट्झ येते. तीच खोली फरशीची, उघड्या भिंतींची आणि निनादकाळ ०.८ सेकंद असलेली असेल, तर ती सुमारे २६० हर्ट्झपर्यंत सरकते. सीमेच्या खाली खोलीचे राज्य असते. वर मात्र स्पीकरमधून थेट येणाऱ्या ध्वनीचे महत्त्व वाढत जाते, आणि वादाचे मूळ येथेच आहे.

मायक्रोफोन थेट आलेला ध्वनी आणि भिंतींवरून परतलेला ध्वनी यांची बेरीज करतो. मानवी श्रवण तसे करीत नाही. दोन कान आणि त्यांमागचा मेंदू प्रथम आलेल्या ध्वनीला प्राधान्य देतात व लगेच मागून आलेल्या परावर्तनांना त्याच्यात सामावून घेतात; हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात या घटनेचा अभ्यास केला. म्हणजे ज्या आलेखात यंत्राला दोष दिसतो, तेथे श्रोत्याला कित्येकदा केवळ 'खोली' ऐकू येत असते. शिवाय १००० हर्ट्झची तरंगलांबी जेमतेम ३४ सेंटिमीटर आहे. मान वळविली की आलेख बदलतो. ऑडिसी आठ जागी मापन करावयास सांगते ते यासाठीच. तरीही सरासरीने मूळ अडचण सुटत नाही. परावर्तनांमुळे विस्कळीत दिसणारा आलेख सरळ करण्याच्या भरात चांगल्या स्पीकरचा थेट ध्वनी बिघडविला जातो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत व पुढे हार्मन कंपनीत दीर्घकाळ काम केलेल्या फ्लॉइड टूल यांचा या पद्धतींवरील मुख्य आक्षेप हाच आहे.

लक्ष्य-वक्राचा प्रश्न

यंत्र प्रत्येक मापनाची तुलना एका आदर्श रेषेशी करते. तिला लक्ष्य-वक्र म्हणतात. ही रेषा सपाट असेल असा सर्वसामान्य समज आहे, पण ती तशी नसते. डेन्मार्कच्या ब्र्युल अँड केअर कंपनीने १९७४ मध्ये घरगुती श्रवणासाठी सुचविलेला वक्र उच्च वारंवारतांकडे हळूहळू उतरतो. चित्रपटगृहांसाठीचा एक्स-वक्र २००० हर्ट्झच्या पुढे दर सप्तकाला ३ डेसिबल उतरतो. ऑडिसीच्या नेहमीच्या लक्ष्यातही वरच्या टोकाला उतार आहे; त्याखेरीज २००० हर्ट्झच्या आसपास एक मुद्दाम ठेवलेला खळगा आहे. अनेक द्विमार्गी स्पीकरमध्ये त्या पट्ट्यात ध्वनीचा विस्तार बदलतो, म्हणून तेथे आवाज सौम्य करणे बरे, अशी त्यामागील धारणा. समोरचा स्पीकर त्या प्रकारचा आहे की नाही, हे मात्र यंत्र विचारीत नाही. हा एका अभियंत्याचा विचारपूर्वक, पण वैयक्तिक निर्णय आहे. लाखो घरांत तो 'मापन' म्हणून पोहोचला.

अभिरुचीचा निर्णय घेण्यास कोणाची हरकत नाही. संगीताची मैफल ध्वनिमुद्रित करणाराही तो घेतोच. हरकत आहे ती निर्णयाने आकड्याचे कपडे घालण्याला. चित्रपट दिग्दर्शकाला अभिप्रेत असलेला ध्वनी घरी ऐकवितो असे यंत्र सुचवीत असते. पण ज्या स्टुडिओत मिश्रण झाले तेथील स्पीकर, खोली आणि पातळी यंत्राला ज्ञात नसतात. टूल यांनी यालाच 'गोंधळाचे वर्तुळ' म्हटले.

'नंतर'चा आलेख

डेनॉन व मॅरांट्झ यांनी २०१७ मध्ये मोबाइल फोनसाठी संपादनाचे ॲप दिले. त्यामुळे वापरकर्त्याला लक्ष्य-वक्र बदलता येऊ लागला, तो खळगा काढता येऊ लागला आणि ठरावीक वारंवारतेच्या वर हस्तक्षेप थांबविता येऊ लागला. 'दुरुस्ती' सर्वत्र आवश्यक नाही, याची ही मूक कबुलीच म्हणावी लागेल. परंतु त्याच ॲपमध्ये 'आधी' आणि 'नंतर' असे दोन आलेख दिसतात. पहिला मोजलेला असतो. दुसरा गणिताने काढलेला अंदाज असतो. दुरुस्तीनंतर मायक्रोफोन पुन्हा ठेवून पडताळा घेतला जात नाही. विज्ञानाच्या प्रयोगवहीत असा निष्कर्ष विद्यार्थ्याने लिहिला, तर शिक्षक तो परत करतील.

प्रत्यक्ष ऐकून पडताळा घेण्याचा एक गंभीर प्रयत्न २००९ मध्ये झाला. हार्मनमधील शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी पाच प्रणाली आठ प्रशिक्षित श्रोत्यांपुढे ठेवल्या. कोणती प्रणाली चालू आहे हे श्रोत्यांस सांगितले नव्हते, आणि दुरुस्ती न केलेला ध्वनीही त्यांत गुपचूप मिसळला होता. प्रणालींमध्ये लक्षणीय फरक आढळले, आणि किमान एक प्रणाली अस्पर्शित ध्वनीच्याही खाली गेली. चाचणीतील काही प्रणाली हार्मनच्याच होत्या, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. तरीही अशी तुलना इतरांनी क्वचितच प्रसिद्ध केली आहे.

भिंती, फरशी आणि पडदा

उत्तर अमेरिकेतील घरांत लाकडी चौकटीवर जिप्समचे पातळ तक्ते ठोकलेल्या भिंती सर्रास आढळतात. त्या मंद्र स्वरांबरोबर थोड्या हलतात आणि काही ऊर्जा गिळतात. पुण्या-मुंबईच्या सदनिकेतील विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंती, सिमेंटचा गिलावा आणि चकचकीत फरशी यांत ही सोय नाही. येथे निनाद अधिक रेंगाळतो, संवादातील व्यंजने एकमेकांवर चढतात, आणि प्रेक्षक मधल्या स्पीकरचा आवाज वाढवीत राहतो. स्पष्टता हरपण्याचे कारण येथे काळाच्या मितीत आहे. वारंवारतेची पातळी खालीवर करून ते दूर होत नाही. जाड गालिचा, पुस्तकांनी भरलेले कपाट आणि चुण्यांचा पडदा यांना त्यावर जे साधते, ते इक्वलायझरला साधत नाही. पण बटणाची जाहिरात होते, पडद्याची होत नाही. आणि रिसीव्हरवर खर्च करणाऱ्या घरात फरशी उघडीच राहते.

डिराकने २०२३ मध्ये बाजारात आणलेल्या प्रणालीत एका स्पीकरचे रेंगाळणे इतर स्पीकरांच्या विरुद्ध लहरींनी शमविले जाते. काळाच्या मितीला हात घालणारा हा प्रयत्न आधीच्या पद्धतींहून मूलतः वेगळा आहे. त्याचे कार्यक्षेत्र मात्र साधारण १५० हर्ट्झच्या खाली आहे. संवादांतील 'स', 'श' आणि 'त' त्याच्या कितीतरी वर, फरशी आणि भिंत यांच्यामध्ये घुमत राहतात.