भोंगा नसलेली गिरणी

गिरणी कामगाराची मराठी साहित्याने अगदीच उपेक्षा केली, असे कोणी म्हणू नये. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ आहे, नारायण सुर्व्यांची कविता आहे. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरणगावातल्या घरांत काय उरले, ते जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) नाटकात आहे.

त्याच लोअर परळात गिरण्यांच्या आवारांत आज काचेच्या कचेऱ्या उभ्या आहेत; तिकडे पुण्याजवळ हिंजवडीसही तशाच. तेथे बुद्धी विकून पोट भरणाऱ्या मुलांची कादंबरी कोठे आहे? माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक कथांत हा तरुण फ्लॅट, मोटार आणि घटस्फोट यांच्या पलीकडे जात नाही. तो काम करताना दिसतच नाही! सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले. श्रम त्यांच्या कवितेत बाहेरून आणावे लागले नाहीत.

दुसऱ्यांना कशाला बोल लावू? मीही अशी एक कादंबरी लिहावयास घेतली आणि तीन प्रकरणांनंतर अडलो. नायकाचे भांडण कोणाशी लावावे, तेच सुचेना. माझी एक जुनी विद्यार्थिनी अशा कचेरीत आहे. गेल्या दिवाळीत ती घरी आली होती. हस्तलिखित चाळून म्हणाली, “सर, हा मुलगा साहेबाशी भांडतो, ते खोटं वाटतं. आम्ही भांडत नाही. रेटिंगची वाट बघतो.”

मग तिने ‘बेंच’ समजावून सांगितला. हातचे काम संपले आणि नवे मिळाले नाही, की माणूस बेंचवर बसतो. पगार चालू असतो, पण झोप उडते. मला गिरणीच्या फाटकाशी सकाळी उभा राहणारा बदली कामगार आठवला. काम न मिळाल्यास त्याचा रोज बुडे. मात्र शेजारी तसेच दहाजण उभे असत आणि त्यांतूनच युनियन उभी राही. बेंचवरचा मनुष्य ही गोष्ट शेजाऱ्यापासून लपवितो.

दुसरा फरक याहून मोठा. साचे मालकाचे होते. टाळे ठोकले, की कामगार बाहेर. येथे साचा नोकराच्या डोक्यात असतो आणि तो रोज संध्याकाळी घरी जातो. म्हणून मालक टाळ्याऐवजी कागद वापरतो. गुप्ततेचा करार असतो, आणि नोकरी सोडायची तर पुष्कळ ठिकाणी तीन महिन्यांची नोटीस. पूर्वी आत येऊ न देण्याची भीती होती, आता बाहेर जाऊ न देण्याची. ‘अधांतर’मध्ये बंद गिरणीची धग घरातल्या भांडणांतून जाणवते, ही नवी धग आमच्या लेखणीला अजून लागलेली नाही, कारण आम्ही या मुलांचा पगारच विचारतो, काम विचारीत नाही.

बोलता बोलता रात्रीचे अकरा वाजले. फराळाचे ताट बाजूला सारून तिने लॅपटॉप उघडला. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, “अगं, सुट्टी ना तुला?” ती नुसती हसली. चौथे प्रकरण मी त्या हसण्यापासून लिहावयास घेतले आहे.