सही एकाची, शब्द दुसऱ्याचे

‘लेखक फार हळवे असतात, स्वल्पविराम हलवला तरी त्यांना लागतं’ अशी संपादक मंडळींची जुनी तक्रार आहे. लेखकांची तक्रार नेमकी उलटी. ‘संपादकाला स्वतःला लिहायचं असतं, ती हौस तो आमच्या लिखाणावर भागवून घेतो.’ दोन्हींत थोडंथोडं तथ्य आहे, पण त्यांनी प्रश्न जागचा हलत नाही. म्हणून आज आपण या हळवेपणाला स्वभावदोष न मानता विचारू या की लेखकाला दुखतं ते नेमकं काय?

सोपं उत्तर म्हणजे अहंकार. ते कितपत पुरतं, हे एका उदाहरणावर तपासून बघू.

रेमंड कार्व्हर हा अमेरिकन कथाकार. त्याचे संपादक होते गॉर्डन लिश. 1980 साली कार्व्हरच्या नव्या संग्रहाचं हस्तलिखित लिश यांच्याकडे गेलं आणि त्यांनी त्यातला जवळजवळ निम्मा मजकूर काढून टाकला. शीर्षकं बदलली, शेवट छाटले. ते पाहून कार्व्हरनं 8 जुलै 1980 रोजी त्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. हे पुस्तक थांबवा, अशी अक्षरशः गयावया त्यात आहे. त्यात तो लिश यांचे उपकारही मानतो, त्यांच्याविषयी प्रेमही व्यक्त करतो. तरीही 1981 मध्ये पुस्तक बहुतांशी लिश यांच्या रूपात बाहेर पडलं आणि कार्व्हरचं मोठं नाव झालं. कमीत कमी शब्दांत लिहिणारा लेखक म्हणून लोक त्याला ओळखू लागले.

आता बघा, दुखणं अहंकाराचं असतं तर एवढ्या कौतुकानं ते बरं व्हायला हवं होतं. पण कार्व्हरची भीती त्या पत्रातच नोंदलेली आहे. त्याच्या काही मित्रांनी मूळ कथा वाचल्या होत्या. त्यांना काय सांगायचं? उद्या ज्याचं कौतुक होईल ते माझं नसेल, आणि ते माझं नाही हे मला माहीत असेल. ही भीती अहंकाराची नाही.

शिवाय बदल कुठे झाला तेही पाहिलं पाहिजे. संग्रहातल्या एका कथेत वाढदिवसाच्या दिवशी मुलाला मोटारीची धडक बसते. तो रुग्णालयात बेशुद्ध पडून आहे, आणि ज्याच्याकडे केक सांगितला होता तो बेकरीवाला, काही कल्पना नसल्यामुळे, घरी सारखे फोन करतोय. लिश यांच्या रूपात कथा फोन वाजण्यापाशीच संपते. मुलगा जगला की गेला, कळत नाही. कार्व्हरच्या मूळ कथेत मुलगा मरतो. आईवडील संतापून रात्री बेकरीत जातात. बेकरीवाला सगळं ऐकतो, क्षमा मागतो, त्यांना बसवून घेतो, गरम पाव खाऊ घालतो. तिघं पहाटेपर्यंत बोलत बसतात. हीच कथा कार्व्हरनं पुढे 1983 च्या संग्रहात पूर्ण रूपात छापली. बाकीच्या मूळ कथा एकत्र वाचायला मिळाल्या त्या 2009 साली, त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी.

समीक्षक म्हणून आपल्याला मान्य करावं लागेल की लिश यांची कथाही वाईट नाही. ती धारदार आहे. पण एका कथेतलं जग माणसाला उत्तरच देत नाही, आणि दुसरीत परका माणूस पाव पुढे करतो. कात्री चालली ती लांबीवर नव्हे, जीवनदृष्टीवर. आणि खाली सही मात्र कार्व्हरची.

इथे कांट आपल्या मदतीला येतो. 1785 साली त्यानं पुस्तकांच्या चोरट्या छपाईवर एक छोटा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की पुस्तक ही नुसती वस्तू नसते, लेखकानं वाचकांशी केलेलं ते भाषण असतं. प्रकाशक ते लेखकाच्या नावानं लोकांपर्यंत पोचवतो. पुढे तो आणखी एक गोष्ट सांगतो. एखाद्यानं दुसऱ्याचं पुस्तक इतकं बदललं की ते मूळ लेखकाच्या नावावर खपवणं अन्यायाचं होईल, तर त्यानं ते स्वतःच्या नावानं काढावं. त्याला कांटची हरकत नाही. म्हणजे अपराध बदल करण्यात नाही, आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी घालण्यात आहे.

आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57 याच अंगानं जातं. लेखकानं हक्क विकून टाकले तरी, प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. घर विकल्यावर नवा मालक भिंती पाडतो, आपण बोलू शकत नाही. लिखाणाचं तसं नाही, कारण त्यातल्या प्रत्येक वाक्याचा जाब पुढेही लेखकालाच द्यायचा असतो. लेखकाचा हळवेपणा हा मुळात या उत्तरदायित्वाचा हळवेपणा आहे.

तसं असेल तर काही लेखक कठोर संपादन आनंदानं कसं स्वीकारतात? एलियटचं उदाहरण घेऊ. ‘द वेस्ट लँड’ 1922 साली प्रसिद्ध झाली. त्याआधी एझरा पाउंडनं तिचे मोठमोठे भाग काढायला लावले. 1971 साली हस्तलिखित छापून आलं तेव्हा लोकांना पाउंडची पेन्सिल दिसली. पण पाउंडनं खुणा केल्या, शेरे मारले आणि कागद एलियटला परत दिले. काय ठेवायचं ते एलियटनं ठरवलं. एवढंच नाही, निराश होऊन एलियट आणखी एक तुकडा गाळायला निघाला, तेव्हा तो राहू दे म्हणून पाउंडच अडून बसला. एलियटनं पुढे कविता त्याला अर्पण केली, आपल्यापेक्षा सरस कारागीर म्हणून. लिश आणि पाउंड यांच्या कात्रीच्या धारेत फारसा फरक नव्हता. फरक शेवटचा शब्द कोणाचा यात होता.

आणि लेखक हयातच नसेल तर? आपल्या भाषेत याचा फार उंच आदर्श आहे. ज्ञानेश्वरी 1290 ची. सुमारे तीनशे वर्षांत तिच्यात अपपाठ शिरले होते. 1584 साली एकनाथांनी प्रती ताडून ती शुद्ध केली आणि बजावलं की यात जो स्वतःची ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असं समजावं. हे कोण सांगतंय बघा. ज्याला ओवी रचता येत नाही असा माणूस नाही, साक्षात एकनाथ. स्वतःची ओवी बाजूला ठेवता येणं ही संपादकाची पहिली पात्रता.

अलीकडच्या काळात ‘सत्यकथे’च्या संपादकांचं नाव यासाठी निघतं. श्री. पु. भागवत, राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहीत, कथा कुठे अडते ते सांगत, पुनर्लेखन मागत. लेखणी लेखकाच्याच हातात राही. तरी 1960 च्या दशकाअखेरीस लघुनियतकालिकांतल्या तरुणांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. तीही आपण समजून घेतली पाहिजे. पद्धत कितीही सभ्य असली तरी दारावर एकच अभिरुची बसली की आत येणारा आपसूक त्या मापाचा होतो.

भाषेच्या बाबतीत हे रोज घडतं. निवेदकाच्या तोंडचं ‘पानी’ छापताना ‘पाणी’ होतं. दुरुस्त करणाऱ्याला वाटतं, आपण चूक काढली. आपल्याकडे नियमांचं नावच मुळी ‘शुद्धलेखन’, त्यामुळे समोरचं आपोआप अशुद्ध ठरतं. त्या लेखकाला लागतं ते एका अक्षरासाठी नाही. त्याची आई, त्याचं गाव चुकीचं बोलतं, असा निकाल त्याच्याच सहीखाली दिला गेलेला असतो.

आता दुसरी बाजू. उत्तरदायित्व हा लेखकाचा हक्क असेल तर ते त्याचं कर्तव्यही आहे. ‘माझं आहे म्हणून राहू द्या’ हे उत्तर नव्हे. वाक्य का हवं, हे सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल तर संपादकाचं ऐकावं. आज आपल्याकडे बरीच पुस्तकं मुद्रितशोधनावरच बाहेर पडतात. कुणी हातच लावत नाही, म्हणून कुणी दुखावतही नाही. पण पहिला कठोर वाचक न भेटता पुस्तक थेट वाचकासमोर जातं, आणि वाचक पत्र लिहीत नाही, पुस्तक मिटतो. असा सुखी लेखक दुखावलेल्या लेखकापेक्षा जास्त तोट्यात आहे.

तेव्हा संपादकानं बदल सुचवावा, कारण द्यावं आणि कागद परत करावा. लेखकानं कारणाला कारणानं उत्तर द्यावं. आणि छापून आलेलं प्रत्येक वाक्य ‘हे मी म्हणतो’ असं चारचौघांत उभं राहून वाचता येईल का, एवढं दोघांनी मिळून पाहावं. जे तसं वाचता येणार नाही, त्याच्याखाली सही घेऊ नये आणि देऊही नये.