हात सुताराचे, मुख कोणाचे?

लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात पंडितांमध्ये बसून प्रश्न विचारतो. युरोपीय चित्रकारांना हा प्रसंग फार प्रिय. ड्यूररने १५०६ साली तो ग्रंथांच्या आणि म्हाताऱ्या पंडितांच्या गर्दीत रंगवला. परंतु येशू ज्ञानाने वाढत गेला, हे लूक सांगतो ते मुलगा आईबापांबरोबर नासरेथला परतल्यानंतर. म्हणजे ही वाढ हातावर पोट असलेल्या घरात झाली. प्रवचनांतून मात्र मंदिरच अधिक ऐकू येते.

ते घर जॉन एव्हरेट मिले या इंग्रज चित्रकाराने रंगवले, म्हणून त्याचे ‘आईबापांच्या घरातील ख्रिस्त’ हे चित्र मला महत्त्वाचे वाटते. १८५० साली ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडले गेले. सुताराची कामाची जागा. जमिनीवर रंध्याचे छिलके. एक दार घडवले जात असता मुलाच्या तळहाताला खिळा लागला आहे, रक्ताचा थेंब पायावर पडला आहे. आजी पकडीने तो खिळा उपटायला पुढे झाली आहे, आईने गुडघे टेकून गाल पुढे केला आहे, छोटा योहान वाडग्यातून पाणी आणतो आहे. येथे पोथी नाही. मूल शिकते आहे ते हत्यारांतून, जखमेतून, घरच्यांनी एकमेकांना सावरण्यातून.

लंडनचे टीकाकार संतापले. सर्वांत कडवट लिहिले ते चार्ल्स डिकन्सने. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’चा कर्ता, गरिबांचा कैवारी म्हणून आपण ज्याला वाचतो, त्या डिकन्सला यातली मरीया किळसवाणी आणि सुतार घाणेरडे दारुडे वाटले. गरीब दयेचा विषय असेपर्यंत चालतो. तो मळक्या नखांसकट ख्रिस्ताचा बाप म्हणून उभा राहिला की अभिरुची दुखावते. ही अभिरुची आपल्या चांगल्या ओळखीची आहे. दलित साहित्याच्या भाषेवर नाक मुरडणारे तिचेच वारस. खुद्द येशूच्या गावकऱ्यांनाही सुताराजवळ एवढे ज्ञान कसे, याचेच नवल वाटले होते, असे मार्कने नोंदले आहे.

तरीही मिलेची बाजू घेऊन मला थांबता येत नाही. योसेफाचे स्नायू खरे उतरावेत म्हणून त्याने खऱ्या सुताराला समोर ठेवले, आणि त्या धडावर डोके रंगवले ते स्वतःच्या वडिलांचे! बाहू सुताराचे, मुख भद्र घरातले. पुरुषसूक्ताच्या देशात राहणाऱ्याला ही वाटणी समजावून सांगावी लागत नाही. येशूचे बालपण ज्याने रंध्याजवळ आणले, त्यालाही सुताराचा चेहरा ख्रिस्ताच्या घरात बसवावासा वाटला नाही.

अरविंद निर्मळ यांनी १९८० च्या दशकात दलित ख्रिस्ती ईश्वरविद्या मांडली आणि येशूलाच दलित म्हटले. यावर कोणी म्हणेल, सुतार हा बलुतेदार, गावकुसाच्या आतला. ते खरे. पण येशूने मरण सोसले ते वेशीबाहेर, हे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात स्पष्ट आहे. श्रद्धेने शहाणपण वाढते, हे मी ख्रिस्ती म्हणून मानतो. ते वाढले की नाही, हे मात्र उपासनेवरून कळत नाही. बसण्याच्या बाकांवरून, सोयरिकींवरून, कबरींवरून कळते. तमिळनाडूत ख्रिस्ती दफनभूमीतही दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवणारी भिंत घातली गेली. भिंतीच्या दोन्ही बाजूंना पुरलेल्यांचा बाप्तिस्मा एकच होता.