'टाइमआउट कमी करा' म्हणजे नेमकं काय? अपाचीची एक यादी, संशोधकाच्या नजरेनं

वेब सर्व्हरवरच्या डॉस हल्ल्यांवर (म्हणजे डिनायल ऑफ सर्व्हिस, सेवा अडवून धरणारे हल्ले) काम करायचं ठरवलं, की एक पान हमखास समोर येतं. अपाची वेब सर्व्हरच्या अधिकृत माहितीत सुरक्षेच्या सूचनांचं एक प्रकरण आहे आणि त्यात डॉस हल्ल्यांसाठी एक छोटी यादी आहे. प्रशासक ही यादी वाचून सेटिंग बदलतात. तुम्हाला मात्र सिनॉप्सिस लिहायची आहे, म्हणून हीच यादी आज आपण शोधनिबंध वाचावा तशी वाचू.

आधी तिचं चांगलं सांगतो. असे हल्ले पूर्णपणे थांबवता येत नाहीत, फक्त त्यांचा त्रास कमी करता येतो, हे ती सुरुवातीलाच सांगते. फायरवॉल आणि ऑपरेटिंग सिस्टीमची सेटिंग अनेकदा जास्त उपयोगी पडते, हेही सांगते. 'हे पाच बदल करा आणि निश्चिंत व्हा' असा सूर तिच्यात नाही. मग अडचण कुठे आहे?

हल्ला कोणता, ते यादीत नाही

यादीत बरेच उपाय एकाखाली एक येतात. विनंती पाठवायला किती वेळ द्यायचा, एकूण टाइमआउट किती, कीप-अलाइव्ह किती सेकंद, एकाच वेळी किती विनंत्या हाताळायच्या, विनंतीचा आकार किती असू द्यायचा. पण कोणता उपाय कोणत्या हल्ल्यावर, ही जोडी लावलेली नाही. ती तुम्हालाच लावावी लागते.

दोन उदाहरणं घ्या. २००९ साली रॉबर्ट हॅन्सन यांनी स्लोलोरिस नावाचं साधन प्रसिद्ध केलं. ते सर्व्हरला अर्धवट विनंती पाठवतं आणि मग अधूनमधून हेडरची एखादी ओळ पाठवत राहतं. विनंती पुरी होतच नाही आणि सर्व्हर वाट बघत बसतो. दुसरा हल्ला २०२३ मधला, एचटीटीपी/२ वरचा 'रॅपिड रीसेट'. इथे विनंती झटकन येते आणि लगेच रद्दही केली जाते. सर्व्हरनं काम सुरू केलेलं असतं, तोवर पुढच्या विनंत्या हजर. गुगलनं या हल्ल्यात सेकंदाला ३९ कोटी ८० लाख विनंत्यांपर्यंतचा मारा नोंदवला. पहिल्या हल्ल्यावर वेळेची मर्यादा कामाला येते. दुसऱ्यावर तिचा काहीच उपयोग नाही, कारण तिथे कुणी वेळ लावतच नाही.

म्हणून 'डॉस हल्ल्यापासून संरक्षण' एवढंच शीर्षक घेऊन गाइडकडे जाऊ नका. हल्लेखोर सर्व्हरचं नेमकं काय संपवतोय ते आधी लिहा: थ्रेड, मेमरी, सीपीयू की बँडविड्थ?

एक छोटं गणित

आता स्लोलोरिसवरच राहू. अपाची २.४ मध्ये प्रीफोर्क पद्धतीत एका वेळी हाताळायच्या विनंत्यांची मूळ मर्यादा २५६ आहे. विनंती वाचण्याची वेळ बांधून देणारं मॉड्यूल चालू असेल, तर हेडरसाठी मूळ मुदत २० सेकंदांची. ग्राहक डेटा पाठवत राहिला, तर दर ५०० बाइटमागे एक सेकंद वाढतो, कमाल ४० सेकंदांपर्यंत.

हल्लेखोरानं नुसतं कनेक्शन धरून ठेवलं, तर एक जागा २० सेकंद अडते. २५६ भागिले २० म्हणजे साधारण १३. सेकंदाला १३ नवी कनेक्शनं उघडत राहिलं, की सगळ्या जागा भरलेल्या! तेवढं घरच्या साध्या लॅपटॉपलाही जमतं. म्हणजे हे सेटिंग हल्ला अडवत नाही, हल्लेखोराचा खर्च वाढवतं. आधी एकदाच २५६ कनेक्शनं उघडून ती जिवंत ठेवली की भागत होतं, आता सतत नवी उघडावी लागतात.

हा आकडा वाढवायचे दोन रस्ते बघा. मुदत ५ सेकंदांवर आणली, तर २५६ भागिले ५, म्हणजे ५१. किंवा मुदत २० च ठेवून जागा १०२४ केल्या, तर १०२४ भागिले २०, पुन्हा ५१. आलेखावर दोन्ही सारखेच दिसतील. पण बिल कोण भरतं? पहिल्या रस्त्यात हळू नेटवर्कवरचा प्रामाणिक माणूस, दुसऱ्यात सर्व्हरची मेमरी. एक प्रोसेस ३० एमबी घेते असं धरलं, तर १०२४ प्रोसेसना ३० जीबी लागतील. यादीत हे दोन्ही उपाय आहेत, पण ते एकमेकांशी असे बांधलेले आहेत हे तिथे दिसत नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

बिल कोणाच्या नावावर?

सगळ्या मुदती सारख्या नसतात. ब्राउझरचं हेडर सहसा एक-दोन केबीचं असतं आणि मोजक्या पॅकेटमध्ये पोचतं. त्याची मुदत थोडी आवळली, तर फारसं कुणी दुखावत नाही. विनंतीच्या मजकुराचं तसं नाही. गावातून मोबाइलवर दोन एमबीचं स्कॅन केलेलं प्रमाणपत्र चढवणाऱ्या विद्यार्थिनीला वेळ लागणारच.

आणि एकूण टाइमआउट? त्याची मूळ किंमत ६० सेकंद आहे. हल्ल्याचा धोका असेल तर ती अगदी काही सेकंदांवर आणणंही योग्य ठरू शकेल, असं यादी सुचवते. पण हे एकच सेटिंग बऱ्याच कामांना लागू होतं. ग्राहकाकडून डेटा यायची वाट, उत्तर पोचल्याची वाट, मागच्या स्क्रिप्टची वाट, सगळं त्यातच. जास्त वेळ चालणाऱ्या स्क्रिप्टना अडचण येईल, हे यादी कबूल करते. हळू कनेक्शनवरच्या माणसाचं मात्र ती नाव काढत नाही.

शेवटी यादी म्हणते, की ग्राहकांच्या वागण्यावर मर्यादा घालणारी इतरांची मॉड्यूलंही मिळतात. एवढंच, एका वाक्यात! अशी बरीच मॉड्यूलं आयपी पत्त्यागणिक मोजतात. पण आयपी पत्ता म्हणजे माणूस नव्हे. अख्खं हॉस्टेल एका पत्त्यामागे असू शकतं. मोबाइल कंपन्या एकच आयपीव्ही४ पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. दहावी-बारावीच्या निकालाची दुपार डोळ्यांसमोर आणा. दर पत्त्याला दहा कनेक्शनं असा नियम असेल, तर हल्लेखोर शंभर पत्त्यांवरून येईल आणि हॉस्टेलमधली पोरं बाहेर राहतील.

मग तुम्ही काय करायचं?

या विषयावरच्या विद्यार्थी-प्रकल्पांची एक ठरलेली चाल असते. हल्ला केला, सर्व्हर पडला. सेटिंग बदललं, पुन्हा हल्ला केला, सर्व्हर टिकला. निष्कर्ष: उपाय परिणामकारक. सर्व्हर टिकला हे खरं, पण कोणासाठी? सगळ्यांनाच नाकारणारा सर्व्हरसुद्धा छान टिकतो.

तेव्हा प्रत्येक सेटिंगसाठी दोन आकडे मोजा. एक, हल्ला यशस्वी व्हायला सेकंदाला किती कनेक्शनं लागली. दोन, त्याच वेळी किती प्रामाणिक विनंत्या नाकारल्या गेल्या. दुसऱ्या आकड्यासाठी प्रयोगात हळू ग्राहक मुद्दाम घाला. लिनक्सवर नेटवर्कचा उशीर आणि पॅकेटगळती कृत्रिमरीत्या आणता येते. काही ग्राहक एकाच पत्त्यामागे बसवा. मग सेटिंगची किंमत बदलत दोन्ही आकड्यांचा आलेख काढा. तुमचं योगदान त्या आलेखात असेल.

हे सगळं स्वतःच्या आभासी मशीनवर, बंद नेटवर्कमध्ये करा. कॉलेजच्या चालू सर्व्हरवर 'थोडं करून बघू' नको. अधिकृत वापरकर्त्याचा प्रवेश अडवणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं, आणि अप्रामाणिक किंवा कपटी हेतूनं केलं तर कलम ६६ नुसार तो गुन्हा ठरतो.

अपाचीची यादी जरूर वापरा, सुरुवात म्हणून ती चांगलीच आहे. फक्त तिच्या प्रत्येक ओळीशेजारी वहीत दोन रकाने आखा: 'कोणता हल्ला?' आणि 'बिल कोणाला?' जिथे रकाना रिकामा राहील, तिथे तुमचा संशोधन-प्रश्न सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे.