तापमापी आणि सीलबंद पाकीट

तिसरी ते आठवीची नियतकालिक मूल्यांकन चाचणी 2023-24 मध्ये सुरू झाली आणि 'पॅट' या नावाने शिक्षकांच्या तोंडी बसली. मूल भाषेत, गणितात कुठे अडते ते कळावे, हा हेतू चांगलाच. पण 2025 मध्ये तिच्या प्रश्नपत्रिका यूट्यूबवर दिसल्या आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेला पोलिसांकडे जावे लागले.

पाकिटे आणखी घट्ट बंद करून हे थांबेल असे आम्हाला वाटत नाही. प्रश्नपत्रिका राज्यभर एकच. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत पाकीट सकाळी उघडले आणि दुसऱ्या गावी दुपारी, तर मोबाइलवरचे एक छायाचित्र पुरे. शिवाय पेपर घेणारे, तपासणारे आणि गुण भरणारे गुरुजी तेच. तापमापीचा आकडा रोग्यानेच लिहायचा आणि ताप जास्त निघाला तर बोलणीही त्यानेच खायची! मग आकडा कोणता येईल?

12 नोव्हेंबर 2021 च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात शाळा नमुन्याने निवडल्या होत्या, चाचणी घ्यायला बाहेरची माणसे होती. राज्याचे चित्र हवे तर ही रीत बरी. तिच्यातून एकेका मुलाचे कळत नाही, हे खरे. त्यासाठी शिक्षकांना मोठी, खुली प्रश्नपेढी द्यावी. गुण वर मागू नयेत. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, हा प्रश्न मुलाला आधी ठाऊक असला म्हणून काय बिघडले? 'का?' विचारले की ते कुठे अडले आहे ते बाईंना दिसतेच.